काकूची मान

हे मी यांना सांगितलेलं नाही. आणि यांना मी सगळं सांगते हो — मंडईत कुणाशी वाजलं ते, वहिनींनी फोनवर काय टोमणा मारला ते. लग्नाआधीचं जे काही थोडंफार होतं तेसुद्धा लग्न झाल्या झाल्या सांगून मोकळी झाले होते. यांनी पेपरातून डोकं वर न काढता "बरं" म्हटलं होतं. बहिणीला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना तर नाहीच — त्यातल्या दोघी माझ्याच कॉलेजात होत्या. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही समोर नाही म्हणून असेल. समोर असतात तर मी चहा टाकला असता, पोह्यांचं विचारलं असतं, आणि विषय बदलला असता. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तर — पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात मी शिल्प आणि सिरॅमिक्स शिकवत होते. कुठल्या, ते राहू द्या. आता निवृत्त झालेय. निरोप समारंभात जो उठला त्याने एकाच गोष्टीचं कौतुक केलं: मॅडमची आखणी. मुलांच्या प्रोजेक्टची आखणी माझ्याकडे असायची. विषय काय द्यायचा, माती कधी हातात घ्यायची, भिंत किती जाड ठेवायची, आतून पोकळ कशी करायची, सुकायला किती दिवस, भट्टीत कुणाचं काम कुठल्या फळीवर — सगळं मी ठरवायचे. "आधी कागद, मग माती" हे माझं वाक्य. स्नेहसंमेलनात मुलं माझी नक्कल करायची तेव्हा एवढंच म्हणायची, आणि हॉल हसून फुटायचा.

हसा. पण आखणी केली नसती तर काय झालं असतं? मातीला घाई चालत नाही आणि मुलांना घाईशिवाय काही जमत नाही. एक भट्टी, ती म्हातारी, मूड असेल तर तापणार. मध्येच लाइट जाणार. माती यायची ती खड्यांसकट. आणि प्राचार्यांच्या लेखी आमचा विभाग म्हणजे व्हरांड्यात चिखलाची पावलं उमटवणारी जमात, बास. एवढ्यात मुलांकडून काम काढून घ्यायचं. आणि मुलं काय करणार? फेटेवाले आजोबा. दर वर्षी! आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, कोथरूडात राहणारे, सकाळी टेकडीवर टी-शर्ट घालून जाणारे — शिल्पात मात्र फेटा, मिशा आणि कपाळावर पाच आठ्या. मी वैतागून गेले होते अगदी.

म्हणून त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी मी नवा विषय काढला. घरातलं एक माणूस, काहीतरी करत असताना. पण फक्त डोकं, मान आणि खांदे. हात दाखवायचे नाहीत. म्हणजे माणूस काय करतंय ते मानेवरून कळलं पाहिजे. फेट्याला बंदी. मला त्या विषयाचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू? वर्गात सांगितला तेव्हा मुलं गप्प झाली, आणि मुलं गप्प झाली की समजायचं, विषय लागला. आता कधी कधी वाटतं — इतका चांगला प्रश्न काढणाऱ्या बाईला त्याचं उत्तर का सोसू नये?

उत्तर दिलं ऋतुजाने.

कात्रजच्या पलीकडचं तिचं गाव, महापालिकेत आलेलं. शेती बरीचशी बिल्डरांकडे गेलेली, घर मोठं, वडील-चुलते एकत्र, भावाचं टाइल्सचं दुकान नुकतंच सुरू झालेलं. ती गरीब बिचारी, गुणी मुलगी होती असलं काही मी सांगणार नाही. पक्की आगाऊ होती. स्कूटरवरून उशिरा येणार, दुसऱ्याचा स्पंज उचलणार, हत्यारं न धुता टाकून जाणार, आणि बोलायला गेलं की "मॅडम, चिल, धुते ना." मला चिल म्हणायची! कागदावर आधी काही काढायचीच नाही. आधी मातीत करायची, मग त्याच्यावरून चित्र काढायची आणि वर मागची तारीख टाकायची. मला कळत नव्हतं का? चित्रावर मातीची बोटं असायची.

पण मातीला हात लावला की — काय सांगू. मी इतकी वर्षं शिकवलं, शेकडो मुलं हाताखालून गेली. असे हात फार नाही दिसले. ती विचार करताना दिसायचीच नाही. बडबड चालू, कानात गाणं चालू, आणि बोटांखाली माणूस बसता व्हायचा.

तिला पुढे शिल्प शिकायला बडोद्याला जायचं होतं. तिथे मुलाखतीला बोलावणं यायचं तर फर्स्ट क्लास लागायचा, आणि फर्स्ट क्लास आमच्याकडे या शेवटच्या प्रोजेक्टवरच ठरायचा. वडील एकदा तिच्याबरोबर मला भेटायला आले होते. पांढरा शर्ट, बोलणं थोडकं. त्यांना शिल्प-बिल्प काही कळत नव्हतं, पण माणूस सरळ. म्हणाले, पोरीला सांगून ठेवलंय — फर्स्ट क्लास आण, होस्टेलला मी स्वतः सोडायला येतो. नाही आला तर दादाच्या दुकानात बसायचं, मग तक्रार नाही. मी म्हटलं, काळजी करू नका, येईल. मीच म्हटलं हे. तिच्यासमोर.

तिने केली होती तिची काकू. या काकूचा दिवसभर एकच उद्योग — फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरायचा, जुन्नरला दिलेल्या बहिणीशी बोलत राहायचं आणि हाताने मेथी निवडायची, नाहीतर भाकऱ्या थापायच्या. मान कायमची एका बाजूला. ऋतुजाने आल्या आल्या नक्कल करून दाखवली होती, सगळा वर्ग लोळला होता. विषय मंजूर केला मीच. सुरुवातीला फोन होता. तो भट्टीत टिकावा म्हणून कसा वेगळा करायचा, कुठे आधार द्यायचा, हे मी तिला बसवून समजावलं होतं. अर्धा तास गेला होता माझा.

एके दिवशी बघते तर फोन नाही.

"काढला मॅडम," म्हणाली. "कळतंय ना तरी?"

कळत होतं. हाच तर वैताग. फोन नव्हता, हात नव्हते, मेथी नव्हती. नुसता वर आलेला डावा खांदा, त्याच्यावर झुकलेली मान, एक डोळा किंचित बारीक — आणि समोर उभ्या राहणाऱ्याला पलीकडचा आवाज ऐकू यावा अशी ती बाई ऐकत होती. बहिणीचं काहीतरी दुखणं असावं असं वाटायचं. मीच वर्गात मागितलं होतं ना हे? मानेवरून कळलं पाहिजे म्हणून? मग खूश व्हायला काय झालं होतं मला?

मी म्हटलं, फोन नसेल तर ही मान चुकीची आहे. लोक म्हणतील मुलीला शरीररचना येत नाही. एक तर फोन लाव, नाहीतर मान सरळ कर. "बघते," म्हणाली. आपल्याकडे "बघते" म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे.

मग तिच्या स्टँडभोवती गर्दी व्हायला लागली. बाकीची मुलं आपापली कामं सोडून तिथे. पेंटिंगचे एक सर होते आमच्याकडे, सहसा आमच्या चिखलात पाऊल न टाकणारे. तेही आले, हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले आणि जाता जाता मला म्हणाले की ही पोरगी तुमच्या पुढे जाणार बरं का, गुरूला आणखी काय हवं? चांगल्या मनाने म्हणाले. मी "अगदी, अगदी" म्हटलं आणि हसले.

गुरूला काय हवं असतं ते मला विचारा. मी स्वतः काही घडवून किती वर्षं झाली होती तेव्हा? घरी गॅलरीत माझी मातीची बादली होती, सदाशिव पेठेतल्या फ्लॅटला असते तेवढीशी गॅलरी. त्यातली माती दगड झाली होती आणि तिच्यावर मी तुळशीची कुंडी ठेवली होती. कोणी विचारलं तर म्हणायचे — वेळ कुठे मिळतो, मुलांच्या प्रोजेक्टमध्येच जीव जातो. वेळ होता हो. सुट्ट्या होत्या, रविवार होते. हात चालत नव्हता. आखणी तेवढी चालत होती. दुसऱ्यांनी काय करावं हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

आता एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या कलाशाळांमध्ये "करेक्शन" देतात. म्हणजे शिक्षक येतो, विद्यार्थी बाजूला होतो, शिक्षक हत्यार उचलतो आणि त्याच्या कामात स्वतःच्या हाताने बदल करतो. नाक कापील, कपाळ भरील, काय वाटेल ते. आणि विद्यार्थ्याने म्हणायचं, थँक्यू सर. माझ्या सरांनी एकदा माझ्या पोर्ट्रेटचा अख्खा जबडा तारेने उडवला होता. मी थँक्यू म्हटलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. असंच असतं. पण परीक्षेच्या कामाला करेक्शन नसतं. त्याला शिक्षकाने बोटसुद्धा लावायचं नाही. हा नियम दर वर्षी पहिल्या दिवशी मीच सांगायचे, बोट नाचवून.

त्या दुपारी कुणाचा तरी वाढदिवस होता, मुलं सगळी कँटीनला गेली होती. स्टुडिओत मी एकटी. कामं सुकायला ठेवायची होती, म्हणून कुणाची माती कुठवर घट्ट झालीय ते बघत फिरत होते — हे माझं कामच होतं, त्यात काही नाही. ऋतुजाच्या कामावरचं प्लॅस्टिक काढलं. काकू ऐकत होती.

तुम्हाला वाटेल आता मी म्हणेन की माझं मलाच कळलं नाही. छे. सगळं कळत होतं. मी आधी दाराकडे पाहिलं. मग कापायची तार घेतली आणि मान हनुवटीखालून अर्धी कापली. डोकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. बाजूला फट पडली, ती भरायला पिंपातली माती घेतली. ओली माती. तिची मान चामड्यासारखी घट्ट झालेली, आणि मी त्यात ओल्या मातीची पाचर ठोकली. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी पहिल्याच आठवड्यात काय सांगायचे? ओली माती सुकताना जास्त आकसते, घट्ट मातीला धरून राहत नाही, सांध्यावर तडा जातोच जातो. ही शिल्पातली मुळाक्षरं. पण मला घाई झाली होती. मुलं येतील म्हणून घाई. अंगठ्याने सांधा पुसला, गळ्यापर्यंत गुळगुळीत केला, प्लॅस्टिक होतं तसं टाकलं आणि हात धुतले. चहा उकळायला लागतो तेवढा वेळ गेला असेल.

तिच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षक जुन्या वळणाचा निघाला तर, मान बघून मार्क कापील तर — असं बरंच. कितीतरी दिवस सांगत होते. सगळं खोटं. माझ्या पोटात दुखत होतं. ती मान मला बघवत नव्हती. एवढंच आहे ते, आणि एवढंच लिहायला मला इतकी पानं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्लॅस्टिक काढलं. मी शेजारच्या टेबलाशी होते, पाठ करून, पण कान तिकडेच. बडबड थांबली. मग मीच, मागे न वळता, म्हटलं की मान सरळ हवी म्हणून किती दिवस सांगतेय. बघा बरं, वाक्य कसं आहे. मी केलं असं त्यात नाही, मी केलं नाही असंही नाही. अशी वाक्यं मला चांगली येतात.

"थँक्यू मॅडम," ती म्हणाली.

भांडली असती तर? आगाऊ होती ना, मग तेव्हा कुठे गेला होता आगाऊपणा? याचासुद्धा मला राग आला होता तिचा, काय म्हणावं! पण करेक्शन मागे फिरवायची रीत नसते. आणि त्याच दिवशी कामं सुकायच्या फळीवर जायची होती. वेळापत्रक माझंच.

भट्टी उघडली तेव्हा तडा गेलेला होता. कानाखालून निघून गळ्याच्या हाडापर्यंत, माझ्या पाचरीच्या कडेकडेने. बाकी कुणाचंही काम तडकलं नव्हतं. सगळे म्हणाले, मॅडमची आखणी.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, बाकीच्यांची कामं त्यांनी भराभर पाहिली. मुलगा नाहीतर मुलगी कामाशेजारी उभी, मी परीक्षकांच्या बाजूला. ऋतुजाच्या कामापाशी ते थांबले. एक फेरी मारली, दुसरी मारली. म्हणाले, खांदा काहीतरी ऐकतोय आणि मानेला त्याचा पत्ताच नाही, असं का? खांदा ज्याने केला त्याने मान केलेली नाही. मग तड्यावरून बोट फिरवलं. त्यांना काय सांगावं लागणार होतं? तेही मातीतलेच.

"ही माती नंतर घातलेली आहे, ओली. कुणी घातली?"

"मॅडमनी करेक्शन दिलं होतं, सर," ऋतुजा म्हणाली.

तक्रारीच्या सुरात नाही म्हणाली. उलट आदराने म्हणाली, माझ्या करेक्शनचा तिला अभिमान वाटत असावा तसं. तिला वाटलं असेल, मॅडम पुढचं सांगतील. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं.

"मी परीक्षेच्या कामाला हात लावत नाही," मी म्हटलं.

इथे थांबले असते तरी एक वेळ — नाही, तरीही काही नाही. पण मी थांबले नाही. मी हसून पुढे म्हटलं, "मुलं कामं हलवताना धक्के देतात, कुणीतरी पाडलं असेल, कुणीतरी सांधलं असेल. आणि शेवटी नाव शिक्षकांचं." हे मला कुणी विचारलं नव्हतं. आपणहून म्हटलं, ठेवणीतल्या पुणेरी आवाजात. परीक्षकसुद्धा जरा हसले.

तिचा चेहरा मी बघितला नाही असं सांगायला आवडलं असतं. बघितला. ती रागावलेली नव्हती. गोंधळली होती. एकदा तड्याकडे बघितलं तिने, एकदा माझ्या हातांकडे, आणि म्हणाली, "मग मला माहीत नाही, सर."

दुसऱ्याचा हात लागलेलं काम म्हणून तिचे मार्क कापले गेले. पास झाली. क्लास गेला, आणि क्लासबरोबर बडोदं गेलं. नंतर पालकांसाठी प्रदर्शन असतं, त्याला तिच्या घरचे आले होते. काकूसुद्धा आली, हिरव्या साडीत, हातभर बांगड्या. स्वतःच्या शिल्पासमोर उभी राहिली, नीट न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "ही मी न्हाई. ही कुनीतरी मास्तरीन हाय." लोक हसले. ऋतुजाही हसली. मी चहाच्या टेबलाकडे गेले.

दुरुस्त करता आलं नसतं का? आलं असतं. निकाल लागायला वेळ होता. परीक्षकांना एक फोन, प्राचार्यांकडे दोन ओळी — माझी चूक झाली, मुलीचा दोष नाही. काय झालं असतं माझं? एखादा मेमो. स्टाफरूममध्ये चार दिवस कुजबुज. नोकरी गेली नसती, पगार थांबला नसता. "मॅडमची आखणी" म्हणायचे तेव्हा कुणीतरी गालात हसलं असतं, इतकंच. एवढ्यासाठी मी गप्प बसले. तिचं अख्खं पुढचं आयुष्य एका पारड्यात आणि माझ्याबद्दल कुणी गालात हसू नये हे दुसऱ्या. आणि माझं पारडं जड झालं.

यंदा आमच्या बाथरूममधून खालच्यांच्या छतात पाणी उतरायला लागलं. खालचे गृहस्थ दर दोन दिवसांनी वर येऊन "काही प्रगती?" असं विचारून जायचे. शेवटी फरशी उखडायचं ठरलं आणि प्लंबरने कात्रज रस्त्यावरच्या एका दुकानाचं नाव दिलं, तिथे व्हरायटी आहे म्हणून. यांचा गुडघा धरलेला, म्हणून मी एकटीच रिक्षाने गेले. दुकान कुणाचं आहे याची मला कल्पना नव्हती. कल्पना असती तर मी खालच्यांच्या छतातून धबधबा पडू दिला असता.

काउंटरमागे ऋतुजा.

"मॅडम!" म्हणून धावतच आली. अंगाने भरली होती, केस कापले होते, बाकी तीच. मला आत ऑफिसात नेलं, पंखा लावला, चहा मागवला. फरशी तिनेच निवडून दिली. कुठली घसरते, कुठलीवर डाग बसतो, कुठलीची भाजणी कच्ची आहे, सगळं सांगितलं. नखाने वाजवून दाखवलं. भाऊ तिच्यावर दुकान टाकून निर्धास्त असतो म्हणाली. मी विचारू नये ते विचारलं — मातीचं काही करतेस का ग? नाही हो मॅडम, म्हणाली. मग उठली, ऑफिसचं दार लोटलं आणि परत येऊन माझ्यासमोर बसली.

"मॅडम, मला तुम्हाला सॉरी म्हणायचं होतं. कधीपासून. त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं, सगळ्यांसमोर."

माझ्या हातात कप होता. मी तो खाली ठेवला.

ती सांगत गेली. सुरुवातीला तिला माझा खूप राग आला होता म्हणे. घरी येऊन आरडाओरडा केला होता. मग विचार करायला लागली. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की हे शक्यच नाही. ओली माती घट्ट मातीवर? मॅडम? ज्यांनी पहिल्या आठवड्यात तेच शिकवलं, त्या? मॅडम एक वेळ भिंतीतून चालत जातील, पण असं करणार नाहीत. म्हणजे कुणीतरी वर्गातल्याच पोराने डोकं पाडलं आणि घाबरून जोडलं. "इतकी साधी गोष्ट मला तेव्हा कळली नाही," ती म्हणाली. "कारण मला ना मॅडम, त्या मातीत तुमचा अंगठा दिसला होता. शपथ. तुम्ही अंगठा असा बाहेरच्या बाजूला ओढता ना, तसाच. मी पैजेवर सांगितलं असतं. आणि ते चुकीचं निघालं. मग पुढे मातीला हात लावला की वाटायचं, आपल्याला जे दिसतंय ते खरंच आहे का? हे नाक असंच आहे की मला उगाच दिसतंय? मग होईना. सोडूनच दिलं."

हे सगळं तिने हसत हसत सांगितलं, कुणी लहानपणीचा मूर्खपणा सांगावा तसं.

मला सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, आम्ही दोघीच होतो, मी निवृत्त झालेली, आता कुठला मेमो आणि कुठली स्टाफरूम. एक वाक्य. तुझी नजर बरोबर होती, अंगठा माझाच होता. त्या वाक्यासाठी मला आता काहीसुद्धा द्यावं लागणार नव्हतं.

मी म्हटलं, "जाऊ दे ग. तेव्हा लहान होतीस. मी कधीच मनात ठेवलं नाही."

तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ओझं होतं मॅडम, म्हणाली. उठली आणि तिथेच, फरशांच्या नमुन्यांच्या मध्ये, वाकून मला नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हटलं. मग तिने मला रिक्षात बसवून दिलं आणि रिक्षावाल्याला बजावलं की गाडी सावकाश चालव, आमच्या मॅडम आहेत.

मी तिला माफ केलं. तिने न केलेल्या गोष्टीसाठी, जी मी केली होती. आणि घरी आल्यावर यांनी विचारलं, मिळाली का फरशी, तर मी म्हटलं, मिळाली, चांगली मिळाली.